ठकूबाईला उत्तर

"हौसाबाई, फक्त दोन वाक्यं," गद्रे साहेब म्हणाले. "'माझे पूर्वज या भूमीत खितपत पडले. त्यांच्या त्यागाला माझं वंदन.' संपलं. मग शाल, श्रीफळ, फोटो."

"पूर्वज न्हाई. पणजी," हौसाबाई म्हणाल्या.

"पणजी तर पणजी. आणखी छान. स्त्रीशक्ती."

हौसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या तबकाकडे पाहिलं. तबकात शाल, नारळ आणि हळदकुंकवाची कुयरी होती. सकाळचे साडेनऊ वाजले होते. पोर्ट ब्लेअरच्या सेल्युलर जेलच्या आवारात आमचे एकतीस प्रवासी पिंपळाच्या सावलीत गोळा झाले होते, आणि गद्रे साहेबांचा पुतण्या कॅमेरा डोळ्याला लावून मागे मागे सरकत होता. फलक धरायला दोन हौशी काका पुढे झाले होते. फलकावर लिहिलं होतं, 'क्रांतिकारकांच्या वारसाचा हृद्य सत्कार'.

हौसाबाई सोडल्या तर त्या आवारात एकच माणूस असं होतं ज्याला ठाऊक होतं की हा फलक साफ चुकलाय. ते माणूस मी.

गोष्ट पंधरा वर्षांपूर्वीची. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते आणि पुण्याच्या एका सहल कंपनीत टूर मॅनेजर होते. मॅनेजर म्हणजे काय, तर कुणाची बॅग हरवली, कुणाला भाजी तिखट लागली, कुणाच्या खोलीत पाल दिसली, या सगळ्याला जबाबदार असणारी बाई. नोकरी अजून कच्ची होती. ही सहल नीट पार पडली की पक्की होणार होती, असं गद्रे साहेबांनी स्वतः सांगितलं होतं. एरवी ते पुण्यातून हलत नसत. या खेपेला जाहिरातीसाठी चित्रफीत काढायची म्हणून आले, आणि त्या चित्रफितीचा कळस म्हणजे हा सत्कार.

झालं होतं असं, की आमच्या फॉर्मवर 'प्रवासाचं कारण' असा एक रकाना असायचा. लोक तिथे 'हवापालट' लिहायचे, 'लग्नाचा पन्नासावा वाढदिवस' लिहायचे. विट्याकडच्या हौसाबाई निकम, वय बहात्तर, निवृत्त नर्स, यांनी लिहिलं होतं, 'पणजी काळ्या पाण्यावर होती.' ऑफिसातल्या मुलीने ते वाचून साहेबांना दाखवलं आणि साहेब खुर्चीतून उठलेच. त्याच दुपारी फलक छापायला गेला. हौसाबाईंना फोन करून एक शब्द विचारावा, असं कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही, खोटं कशाला बोलू. काळ्या पाण्यावर गेलेलं माणूस म्हणजे देशभक्तच, हे आमच्या सगळ्यांच्या डोक्यात इतकं घट्ट बसलं होतं.

एकट्या आलेल्या बाईला वेगळी खोली महाग पडते, म्हणून अशा बायकांची सोय टूर मॅनेजरच्या खोलीत करतात. हौसाबाई माझ्या वाट्याला आल्या. काळ्यासावळ्या, काटक, केसांचा घट्ट अंबाडा, आणि आवाज असा की प्राथमिक आरोग्य केंद्राच्या शेवटच्या खाटेपर्यंत पोचावा. चाळीस वर्षं त्यांनी बाळंतपणं केली होती. पहिल्या दिवशी बसमध्ये पुढच्या सीटवरच्या सबनीस बाईंनी मला विचारलं, "उज्ज्वला, भावंडं किती गं तुला?" मी नेहमीसारखं सांगून टाकलं, "एक भाऊ. मस्कतला असतो." सबनीस बाई खूश झाल्या. हौसाबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

अंदमानात पहाटे पाचलाच लख्ख उजाडतं आणि संध्याकाळी साडेपाचला अंधारून येतं. सूर्य त्याच्या वेळेला येतो, घड्याळं मात्र आपल्या मुंबईची. त्यामुळे सत्काराच्या दिवशी आम्ही दोघी पाचलाच टक्क जाग्या होतो. खाली बंदर दिसत होतं आणि समोर रॉस बेट, जिथे एकेकाळी इंग्रज साहेबांचे बंगले होते आणि आता हरणं चरतात. मी चहा केला. हौसाबाईंनी बॅगेतून एकेक वस्तू काढून पलंगावर मांडली. हिरवा खण. तांदळाची पुरचुंडी. हळकुंड, सुपारी. कागदात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या.

"मावशी, ही ओटी कुणाची?"

"ठकूबाईची. माझ्या पणजीची. आईच्या आईची आई. ती घरनं निघाली तवा पोलिसाच्या बैलगाडीतनं निघाली. ओटी कोण भरणार?"

"कुठल्या चळवळीत होत्या त्या?"

हौसाबाईंनी बशीतला चहा संपवला.

"चळवळ न्हाई. नवऱ्याचा खून केला तिनं. कोयत्यानं. वीस-बावीस वर्सांची आसंल. जन्मठेप झाली आन हिकडं धाडली. माझी आजी तवा तीन वर्सांची. तिला एवढंच आठवायचं, की आईच्या हाताला दोरी होती आन ती मागं बघत हुती."

मी कप खाली ठेवला. माझ्या डोळ्यापुढे तो फलक आला.

"मग कधीतरी, धा-बारा वर्सांनी, तिचं पत्र आलं," हौसाबाई सांगत होत्या. "कुणाकडनं तरी लिवून घेतल्यालं. का, तर हितं चांगलं वागलं की वर्साला एखादं पत्र लिवू द्यायचे म्हणं. त्यात लिवलं हुतं, हितं माझं दुसरं लगीन झालं, घर हाय, भात पिकतो. आन खाली एकच इचारलं हुतं. पोरगी हाय का?"

"मग?"

"मग काय. आजीच्या चुलत्यानं पत्र चुलीत घातलं. उत्तर दिलं न्हाई. खुनी बाईला कोण उत्तर देतं? आजी उंबऱ्यावर बसून ऐकत हुती. मराय टेकली तवा मला म्हणाली, हौसे, आईनं मला इचारलं हुतं गं, आन म्या हाय म्हणून कुणी कळीवलंच न्हाई."

त्यांनी पुरचुंडीची गाठ पुन्हा आवळली.

"म्हणून आलीया. बायकांचा तुरुंग साउथ पॉइंटला हुता म्हणत्यात. तिथं जायचं, ओटी भरायची आन उत्तर द्यायचं. तुमच्या कागदावर साउथ पॉइंट न्हाई. तू बस तिकडं नेशील का?"

आमच्या कागदावर जेल होतं, रॉस बेट होतं, चॅथमची जुनी लाकूड गिरणी होती, वीस रुपयांच्या नोटेवर छापलेलं दीपगृह लांबून बघणं होतं, कॉर्बिन्सच्या किनाऱ्यावर शहाळं होतं आणि मोत्यांच्या दुकानात दोन तास होते. साउथ पॉइंट नव्हतं. तिथे पाहण्यासारखं काही नाही म्हणून कुठल्याच कंपनीच्या कागदावर नसतं.

मी गद्रे साहेबांना नाश्त्याच्या वेळी गाठलं. खुनाबद्दल अक्षर काढलं नाही. हौसाबाईंना साउथ पॉइंटला तासभर जायचंय, पणजीसाठी ओटी भरायचीय, एवढंच म्हणाले. साहेब हसले. "देऊ की. सत्कार झाला की मोत्यांतला एक तास कापू. पण त्यांनी नीट बोललं पाहिजे हं. कॅमेरा आहे. रडल्या तर फारच उत्तम."

मी वर येऊन हौसाबाईंना सौदा सांगितला.

"म्हंजे खोटं बोलू?"

"खोटं नाही मावशी. फक्त गप्प राहा. ते काय म्हणतात ते म्हणू दे. दोन मिनिटांचा प्रश्न आहे. मग बस आपली."

"आन तुझी नोकरी पक्की."

"तेही आहे," मी म्हणाले. लाज वाटली, पण म्हणाले.

त्या आरशासमोर उभ्या राहिल्या, अंबाडा पुन्हा घातला, कुंकू लावलं. "बघू," एवढंच म्हणाल्या.

आणि आता आम्ही पिंपळाखाली उभ्या होतो. माइकला परवानगी नाही असं तिथल्या रखवालदाराने सांगितलं होतं, म्हणून साहेब नुसत्या आवाजावर बोलले. छान बोलले, तेही सांगितलं पाहिजे. साखळदंड, कोलू, फटके. ऐकताना लोकांचे डोळे भरून आले, आणि का येऊ नयेत. त्या कोठड्या पाहिल्यावर कुणालाही येतील. मग त्यांनी हौसाबाईंच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि टाळ्या झाल्या. मी हळदकुंकू लावलं. माझा हात हौसाबाईंनी नारळाच्या आडून दाबला.

"आता ताई दोन शब्द बोलतील," साहेब म्हणाले.

"माझी पणजी ठकूबाई," हौसाबाईंनी सुरुवात केली आणि थांबल्या. त्या तिथेच थांबल्या असत्या तरी चाललं असतं. साहेबांनी टाळीसाठी हात वर उचललेसुद्धा होते. पण आमच्यात फाटक सर होते. इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, गळ्यात दुर्बीण, वहीत सगळं टिपून घेणारे. भला माणूस. त्यांनी अगदी मनापासून विचारलं, "ताई, कुठल्या कटात होत्या त्या?"

हौसाबाई त्यांच्याकडे वळल्या.

"कट न्हवता सर. कोयता हुता. नवरा मारला तिनं."

फलक धरणाऱ्या एका काकांच्या हातून त्यांच्या बाजूची दोरी सुटली आणि 'क्रांतिकारकांच्या' हा शब्द तेवढा खाली लोंबला. पुतण्या कॅमेरा बंद करायचं विसरला.

"तिच्यावर खटला झाला, शाबीत झालं, जन्मठेप झाली," हौसाबाई म्हणाल्या. आवाज शेवटच्या खाटेपर्यंत पोचणारा. "ती हिकडं आली तवा हे जेल बांधल्यालं बी न्हवतं. ती बायकांच्या तुरुंगात हुती. तिकडं, साउथ पॉइंटला. तिचं नाव ह्या मनोऱ्यातल्या दगडावर न्हाई आन नको बी. ह्या दगडावरची माणसं मोठी. त्यांच्या रांगंत घुसवायला मी तिला आणल्याली न्हाई. पण मला कुणी इचारलंच न्हाई. कुणी कशापायी हिकडं आलं हे न इचारता तुमी शाल आणली."

सबनीस बाईंना गप्प राहवेना. बिचाऱ्या मदतीलाच धावल्या. "नवरा दारुडा असणार हो. छळत असणार. त्या काळी बायकांचं काय व्हायचं आपल्याला माहीत नाही का. म्हणजे एका परीने तो लढाच झाला."

चार-पाच बायकांनी माना डोलावल्या. साहेबांच्या चेहऱ्यावरही जरा रंग आला. त्यातून काही निभावून नेता येतंय का, हे ते बघत होते.

"कशावरून?" हौसाबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"कशावरून दारुडा? तुमी बघितला व्हता? मी न्हाई बघितला. लई चांगला बी आसंल. मला म्हाईत न्हाई तिनं का मारला. आमच्या घरात ते कुणी सांगितलं न्हाई, कुणी इचारलं बी न्हाई. आता माझं ऐका. कारण चांगलं निघालं तर ती माझी पणजी, आन वाईट निघालं तर न्हाई, असं हाय व्हय? मी चाळीस वर्सं पोरं काढली. नाळ कापताना कुणी इचारत न्हाई की आई कशी हाय."

त्यांनी खांद्यावरची शाल काढली, नीट चौघडी घातली आणि साहेबांच्या हातावर ठेवली.

"ही ज्यांची हाय त्यांना द्या. नारळ ठिवते. ओटीला लागंल."

गद्रे साहेबांनी मला मनोऱ्याच्या भिंतीआड नेलं. तिथून जेलच्या उरलेल्या तिन्ही लांबच लांब इमारती दिसतात. मी प्रवाशांना दर सहलीत सांगायचे की मूळच्या सात होत्या, फुलाच्या पाकळ्यांसारख्या पसरलेल्या. साहेब त्या दिवशी सातही कोसळल्यासारखे लाल झाले होते.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पहाटेपासून."

"आणि मला सांगितलं नाहीस. एका खुनी बाईचा सत्कार केला मी. या जागेत." शाल अजून त्यांच्या हातात होती, ती कुठे ठेवावी त्यांना कळेना. "साउथ पॉइंट रद्द. बस सरळ मोत्यांच्या दुकानात. मी गाडीने पुढे जातो. पुण्यात गेल्यावर आपण बोलू."

त्यांचंही अगदीच चूक नव्हतं, हे आज मला कळतं. तेव्हा कळलं नव्हतं आणि बरंच झालं.

बसचा ड्रायव्हर युसूफभाई. तिथलाच, तीन-चार पिढ्यांचा. पन्नाशीचा माणूस, शर्टाच्या खिशात कंगवा, आणि चढ-उताराच्या त्या अरुंद रस्त्यांवर बस अशी चालवायचा की मागच्या सीटवरचं म्हातारं माणूस झोपेतून जागं होत नसे. साहेबांची गाडी पुढे निघाली. आम्ही मागे. हौसाबाई पहिल्या सीटवर मांडीवर नारळ घेऊन बसल्या होत्या. रडल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "असू दे पोरी. उद्या रिक्षा करून जाईन." उद्या सकाळी आठला आमचं विमान होतं.

अबर्डीन बाजाराच्या घड्याळाच्या मनोऱ्यापाशी साहेबांची गाडी वळली. युसूफभाईने बस बाजूला घेतली आणि इंजिन चालू ठेवून माझ्याकडे पाहिलं. त्याला मराठी येत नव्हतं, पण एवढा वेळ जेलच्या फाटकाशी उभं राहून त्याला सगळं कळलं होतं.

"मॅडम, किधर?"

मी सांगते, माझ्या आयुष्यात कुणी मला असा सरळ प्रश्न त्याआधी विचारला नव्हता. मी माइक हातात घेतला.

"ज्यांना मोती घ्यायचे आहेत त्यांनी इथे उतरा. दुकान समोर दिसतंय. तासाभराने बस इथेच येईल. ही बस आता साउथ पॉइंटला जातेय. परवानगी कुणाची नाही. माझी आहे."

अकरा जण उतरले. एक काका उतरताना म्हणाले, "तक्रार करणार मी." मी म्हणाले, "करा. नाव उज्ज्वला चौगुले." ते खरंच कागदावर लिहून घेऊन गेले. फाटक सर दारापर्यंत आले, थांबले, आणि परत जाऊन बसले.

बस निघाली तसा युसूफभाई बोलायला लागला. माझ्याशी नाही, आरशातून हौसाबाईंशी. मी माइकवर मराठीत सांगत गेले. बायकांच्या तुरुंगातल्या बाईची काही वर्षं नीट गेली की तिला लग्नाची मुभा मिळायची. सुटून शेती करणारे कैदी पुरुष यायचे. बायका ओळीने उभ्या. पुरुषाने बाईला पसंत करायचं, बाईने पुरुषाला होय-नाही म्हणायचं, गोऱ्या साहेबाने कागदावर लिहायचं. जात कुठली, मुलूख कुठला, भाषा कुठली, काही जुळत नसे. इथे शादीपूर नावाची वस्ती आहे, तिचं नाव त्याच लग्नांवरून पडलं असं जुनी माणसं सांगतात.

"हम सब उन्हीं के बच्चे हैं, अम्मा," युसूफभाई म्हणाला. "लोकल-बॉर्न. और हमारे यहाँ एक रिवाज है. परदादा ने क्या किया था, परदादी ने क्या किया था, ये कोई किसी से नहीं पूछता. शादी-ब्याह में भी नहीं."

हौसाबाईंनी हे नीट ऐकून घेतलं. मग मराठीतच विचारलं, "मग तू माझा कोण लागतोस रं?"

मी भाषांतर केलं. तो हसला. "जो आप बोलो."

"भाऊ," हौसाबाई म्हणाल्या. "चालीव नीट."

साउथ पॉइंटला खरंच काही नव्हतं. समुद्राकाठचा वळणाचा रस्ता, माड, थोडं पुढे एक हॉटेल, खाली काळे खडक. तुरुंगाची एक वीट आम्हाला दिसली नाही. वारा मात्र असा, की पदर सांभाळता सांभाळता जीव जावा. हौसाबाई चपला वर काढून खडकांवर उतरल्या. मी हात धरायला गेले तर म्हणाल्या, "तूच पडशील."

सपाट खडक बघून त्यांनी खण पसरला. त्यावर पाच मुठी तांदूळ, हळकुंड, सुपारी, बांगड्या. सत्काराचा नारळ मधोमध. वाऱ्याने खण उडू नये म्हणून युसूफभाईने चार कोपऱ्यांवर चार धोंडे ठेवले. सबनीस बाई वर रस्त्यावर उभ्या होत्या. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्याही बसकण मारत मारत खाली आल्या, चिमूटभर तांदूळ उचलले आणि खणावर टाकले. बोलल्या काही नाहीत, आणि त्यांच्यासाठी ते सोपं नव्हतं.

हौसाबाई उभ्या राहिल्या आणि समुद्राकडे तोंड करून, वॉर्डात हाक मारावी तशा बोलल्या.

"ठकूबाई, पोरगी वाचली. सोना नाव ठेवलं तिचं. गोवर आला, साथ आली, तरी वाचली. सात लेकरं झाली तिला, पाच जगली. मी तिच्या लेकीची लेक, हौसा. तू पत्र धाडलं व्हतंस. पोचलं. आमी उत्तर दिलं न्हाई. चुकलं आमचं." त्या थांबल्या, दम घेतला. "तू का मारलास ते मला सांगू नगंस. मी इचारायला आल्याली न्हाई. पोरगी हाय, एवढंच सांगायला आलीया."

मी वर पाहिलं. फाटक सरांनी टोपी काढून हातात धरली होती. वही बंद होती.

त्या संध्याकाळी साडेपाचलाच अंधारलं. आम्ही खोलीत बॅगा भरत होतो. साहेबांचा निरोप आला होता, पुण्याला आल्यावर ऑफिसात येऊन हिशेब घेऊन जा म्हणून. त्याचा अर्थ मला कळला होता. माझ्या हँडबॅगेतून कागद काढताना निळ्या इनलँड पत्रांचा गठ्ठा जमिनीवर पडला. सहा होती. एकही फोडलेलं नव्हतं. "भावाची आहेत," म्हणत मी घाईने गोळा केली.

"मस्कतनं इनलँड येत न्हाई पोरी," हौसाबाई बॅगेची चेन लावता लावता म्हणाल्या. "परदेशाला ते चालत न्हाई. पहिल्याच दिवशी दिसलं हुतं मला."

मी पलंगावर बसले.

"कळंब्याला असतो," मी म्हणाले. "जेलमध्ये. चौथं वर्ष. मिरवणुकीत मारामारी झाली, त्याच्या हातून माणूस मेला."

आयुष्यात पहिल्यांदा मी ते वाक्य मोठ्याने बोलले होते. हौसाबाईंनी का म्हणून विचारलं नाही. तुम्हालाही सांगत नाही.

"नाव काय त्याचं?"

"सुहास."

"हां," त्या म्हणाल्या, आणि माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

दुसऱ्या दिवशी विमानात मी सहाही पत्रं फोडली. सहांत निरनिराळं काय काय होतं, पण शेवटची ओळ एकच होती. आई जेवते का?

घरी आले. इचलकरंजीच्या आमच्या दोन खोल्या. आई भाकरी थापत होती. सुहासला शिक्षा झाली त्या दिवसापासून आई लोकांना सांगायची, मला एकच लेक आहे. त्याची पत्रं आली की हात लावायची नाही, म्हणून मी उचलून बॅगेत टाकायचे आणि मीही हात लावायचे नाही. मी तिला नोकरी गेली ते सांगितलं. मग ठकूबाईची गोष्ट सांगितली, पहिल्यापासून, चुलीतल्या पत्रापर्यंत आणि खडकावरच्या नारळापर्यंत. आई ऐकत होती की नव्हती कळत नव्हतं. तवा तापला होता, भाकरी फुगत होती.

मी दारात बसून इनलँड मांडीवर घेतलं आणि मोठ्याने म्हणत म्हणत लिहिलं. "सुहास, आई जेवते. गुडघे दुखतात, पण जेवते. तुझी सगळी पत्रं पोचली. उत्तर दिलं नाही, चुकलं. येत्या बुधवारी मी भेटायला येते."

आईने तव्यावरची भाकरी उलटली.

"दोघी येतो म्हणून लिही," ती म्हणाली.